बावीस घरांचा शिक्का

आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या त्या वाडीत बावीस घरांनी सेंद्रिय भाताचा गट काढला, तेव्हा बारावी झालेली म्हणून नूतनला सचिव केलं. तीन वर्षं कुणाच्याच खाचरात शेणखताशिवाय काही पडलं नाही, तेव्हा कुठं शहरातल्या संस्थेनं पिशवीवर शिक्का दिला. एकानं औषध मारलं तर सगळ्यांचा शिक्का जाणार, ही अट नूतननंच वाचून दाखवली होती.

यंदा भात पोटरीत, लोंबी फुटायच्या बेतात असताना लष्करी अळी आली. निंबाचा अर्क झाला, राख झाली, अळी हटेना. गटातल्या भिकाचं खाचर दोन दिवसांत निम्मं साफ झालं. तिसऱ्या दिवशी भिका पाठीवर रासायनिक औषधाचा पंप घेऊन खाचरात उतरला. नूतननं बांधावरून पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या घरात खाणारी सहा माणसं, आणि जमीन तेवढीच.

पंधरा दिवसांनी तपासणीला संस्थेच्या स्नेहल मॅडम आल्या. ओसरीवर फॉर्म पसरून त्यांनी विचारलं, "गटात कुणी रासायनिक औषध वापरलं?"

गटाचे म्हातारे अध्यक्ष भागूबाबा खाली बघत बसले. नूतनच्या ओठावर 'नाही' आलं होतं. पण कागदावर सही तिची असणार होती, आणि शिक्क्याच्या भरवशावर कुणीतरी लेकराला तो भात भरवत होतं.

"एका खाचरात मारलं," ती म्हणाली. "लई अळी व्हती, मॅडम."

"माझं एकट्याचं नाव गटातून काढा," भिका पुढं आला. "बाकीच्यांनी काय केलंय?"

"तसं करता येत नाही, भाऊ. शिक्का गटाला आहे." मॅडमनी चहाचा कप तसाच ठेवला. "मला लिहावंच लागेल."

महिन्याभरात शिक्का गेल्याचं पत्र आलं. आता एकवीस घरांचा स्वच्छ भातही व्यापारी इतर भातातच, त्याच भावानं ओतणार होता.

कापणीला वाडीत पडकई असते. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, सगळी मिळून. नूतनच्या दिवशी तिनं वीस माणसांच्या भाकरी थापल्या. एकटे भागूबाबा आले.

"येतील गं," म्हणाले.

दुपार कलल्यावर भिका आला. विळा घेऊन वाकला.

"भिकाभाऊ, मी खोटं बोलायला पायजे व्हतं का?"

भिकानं मूठभर भात कापून बाजूला ठेवला.

"मला नको इचारू, ताई."