मालतीचं आवतण

“आते, जरा ॲडजस्ट कर ना,” वामन राजाबाईंच्या कानाशी वाकून म्हणाला. “दहा मिन्टात आवर. मग डीजे हाय.”

राजाबाई गाणं थांबवून त्याच्याकडे बघत राहिल्या. करावे गावात धवलारीण म्हटलं की राजाबाईच. लग्नघरी गाण्यातून आधी देवांना आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी आवतण द्यायचं, हे त्यांचं काम. वामनच्या त्या सख्ख्या आत्या. आज त्याच्या एकुलत्या एका मुलीची, जाईची हळद होती; पण ती दारच्या मांडवात नव्हे, वाशीच्या एसी हॉलमध्ये.

“मधलं सोडू म्हंतंस?” त्यांनी विचारलं. “कोनाला सोडू? तुझ्या आज्याला का बापाला?”

“कोनाला नको सोडू. पन फास्ट घे.”

“ते लायनीत हुबे ऱ्हातात, वामन्या. म्हातारे पयले. मागनं गेले ते मागं.”

हॉलचा कार्यक्रम बघणारा दिपेश लांबून मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. पुढच्या खुर्चीत नवऱ्या मुलाची आई, स्मिताताई, गोड हसत बसल्या होत्या. “आम्ही कशातही ॲडजस्ट करतो हं,” असं त्या लग्नाच्या बैठकीतच म्हणाल्या होत्या. “फक्त हॉल एसी बघा, आणि ते गाणी वगैरे थोडक्यात.”

वामनचा सगळा जन्म ‘ॲडजस्ट’ ह्या एका शब्दावर गेला होता. बसच्या दोघांच्या सीटवर तिसरा येऊन हा शब्द म्हणाला, की सरकायचं. मार्केटात गाळ्याचे शेठ म्हणाले, की रविवारीही यायचं. शिंपी म्हणाला, की आखूड झालेली पँट तशीच घेऊन यायची. पाहुण्यांच्या तोंडून आला, की त्यांचा मुक्काम महिनाभर आहे असं समजायचं. कधी ती विनंती, कधी हुकूम, कधी समोरच्याचं तोंड बंद करायची सोय. बाहेर सगळ्यांचं ऐकून आलेला वामन घरी हाच शब्द बायकोला ऐकवायचा. वरची खोली भाड्याने दिली तेव्हा मालतीने जिन्याखाली स्वयंपाक ॲडजस्ट केला. तिच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं आंब्याच्या सीझनमध्ये. मार्केटात मान वर करायला फुरसत नव्हती. “एवढा मे निघू दे, तोवर कर ॲडजस्ट,” तो म्हणाला होता. तिने केलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. गेल्या वर्षी मालती गेली.

राजाबाई पुन्हा गाऊ लागल्या. त्यांचा आवाज आता चिरका झाला होता, पण माईकवर तो हॉलभर घुमला. गावदेवी आली, खाडीकाठचा देव आला. पणजा आला, आजा-आजी आली, वामनचा बाप आला. पाहुण्यांतल्या दोन-तीन मुली मोबाईल वर धरून शूटिंग करत हसत होत्या. दिपेशने पुन्हा खूण केली. स्मिताताईंनी वामनकडे पाहिलं. त्याने स्वतः पुढे होऊन आत्याच्या हातातला माईक काढून घेतला.

“बास, आते. झकास झाला.”

टाळ्या पडल्या आणि डीजेने हॉल हादरवून सोडला. पिवळ्या फुलांचे दागिने घातलेल्या जाईला मैत्रिणींनी हळद फासली. वामन हसत हसत तिच्याजवळ गेला, तेव्हा तिने त्याचा हात धरून खाली ओढला.

“पप्पा, आईचं नाव आलं ना? मला ऐकूच नाय आलं.”

सगळ्यात मागून गेलेली मालतीच. ओळीत शेवटची. तिचा नंबर यायच्या आधीच त्याने माईक काढून घेतला होता.

“आलं, आलं,” तो म्हणाला.

पोरीच्या अंगाला हळद लागत असताना तिच्याशी खोटं बोललो, ह्याची त्याला इतकी लाज वाटली, की तिच्या तोंडाकडे बघवेना. तो गर्दीतून बाहेर पडला. राजाबाई हात धुवायच्या बेसिनांपाशी एका स्टुलावर बसल्या होत्या. कुणी त्यांना जेवायलाही विचारलं नव्हतं.

“आते, मालतीचं ऱ्हायलं गो.”

“ऱ्हायलं ना.” राजाबाई रागावल्या नव्हत्या. “तिला काय नवीन हाय? करील ती ॲडजस्ट.”

भर चौकात कुणी थोबाडीत मारावी तसा वामन उभा राहिला. हा शब्द त्याने जन्मभर ऐकला होता, ऐकवला होता, पण असा कधी लागला नव्हता.

“आता घे ना, आते. पाया परतंय तुझ्या.”

“हितं? या खरकट्यात?”

“मी हाय ना ऐकायला.”

राजाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. “मंग बस खाली. तिचं नाव घेतलं की घरच्या मानसानं ओ द्यायची. मोठ्यानं. नायतर तिला वाटल, आपल्याला नाय बोलवलं.”

वामन नव्या कडक सफारीसकट ओल्या फरशीवर मांडी घालून बसला. हात पुसून जाणारे पाहुणे त्याच्याकडे बघत होते. आतून दिपेश ओरडत होता, “वामनकाका कुठेत? फॅमिली फोटो!”

राजाबाईंनी डोळे मिटून सूर लावला आणि मालतीला हाक घातली.

वामनने तोंड उघडलं. शेठला, भाडेकरूला, पाहुण्यांना, व्याह्यांना जन्मभर हो हो म्हणत आलेल्या त्या माणसाच्या गळ्यातून एवढीशी ओ निघेना. कुठल्या तोंडाने तिला ये म्हणायचं?

राजाबाई थांबल्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा हाक घातली.