आवतणाची चाल

येसूबाईच्या ओट्यावरचं सारवण सुकत नव्हतं. वैशाखातलं कडाव गावचं ऊन, शेण फिरवलं की घटकेत कडकडीत व्हायला पाहिजे. पण खांबाजवळची हातभर जागा कायम ओलीच. कोंबड्यासुद्धा तिथून वळसा घालून जायच्या. तिथं कोण बसतं ते येसूबाईला ठाऊक होतं. तिचा नवरा सोमा. सात वर्षांपूर्वी नदीच्या पुरात गेलेला.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला भास होत असतील. होत असतील हो! पण सोमा यायचा तो एकाच गाण्याला. गावात लग्न निघालं, लाऊडस्पीकरवर संगीतकार नरहरी साखळकरांचं ते गाजलेलं सिनेमातलं गाणं लागलं, की हा ओट्यावर हजर. पाठ करून बसलेला, अंगातून पाणी निथळतंय. आधी गाणं संपलं की जायचा. यंदा मात्र हलेचना. "येसू, बोलावलंय कुनी गं मला? आता जाऊ कसा?" एवढंच विचारत राहायचा. येसूबाई पाहुण्यापुढं ठेवावा तसा पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवायची.

त्या गाण्याचं मूळ येसूबाईपाशीच होतं. ती धवलारीण. लग्नात धवले गाऊन आधी देवांना आवतण द्यायचं, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, हे तिचं काम.

"वेशीपल्याड निजल्या गणगोता,
मांडव घातलाय, उठून ये आता."

आणि लग्न उरकलं, की बोळवण गाऊन, एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना परत लावून द्यायचं. छप्पन साली साखळकर अशाच एका लग्नाला आले होते. तेव्हा त्यांना कुत्रं ओळखत नव्हतं. आवतण ऐकून माणूस खुळावला, वहीत उतरवून घेतलं, आणि बोळवणीच्या आधीच उठला. कर्जतला गाडी गाठायची होती म्हणे! "अर्धं गानं नेऊ नका, सायब," येसूबाई मागून ओरडली. तर हसून म्हणाले, "चाल मिळाली बाई, मला तेवढी पुरे."

झालं! चालीवर प्रेमाचे शब्द चढवले, सिनेमा पंचवीस आठवडे चालला, साखळकर मोठे झाले. पुढं त्यांनी शंभर सिनेमे केले, पण जाणकार म्हणतात, प्रत्येकात कुठं ना कुठं तीच चाल डोकावते. शब्द बदलले म्हणून काय झालं? मेलेल्यांना शब्द कुठं कळतात, त्यांना चाल कळते.

येसूबाईनं सोमासाठी तीनदा बोळवण गायली. तो जागचा हलला नाही. रीतच तशी आहे, ज्यानं आवतण दिलं त्यानंच बोळवण करायची. साखळकर पळसदरीला धरणाजवळ बंगला बांधून राहिलेत असं कानावर आलं, तशी तिनं पदर खोचला. "आज तुला सोडवल्याबिगर येनार नाय," असं खांबाकडं बघून सांगितलं आणि निघाली.

भर दुपारी ती बंगल्यावर पोचली. साखळकर एकटेच होते, पार वाळलेले, डोळे खोल गेलेले. त्यांनी तिला लगेच ओळखलं. तिनं सोमाचं सगळं सांगितलं. कोपऱ्यात पोतंभर पत्रं पडली होती. "लोक लिहितात," ते म्हणाले, "तुमचं गाणं लागलं की मेलेला भाऊ दारात उभा दिसतो, आई चुलीपाशी दिसते. इतकी वर्षं मी हे कौतुकच समजत होतो, येसूबाई."

ती समोरच्या वेताच्या खुर्चीत टेकणार, तोच ते दचकून उठले. "तिथं नको! इंदू बसलीय."

इंदू त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. येसूबाईनं नीट बघितलं. खुर्चीत कुणी नव्हतं, पण वेत मधोमध खाली दबला होता. ती खाली भुईवरच टेकली.

"सायब, बोळवण गावा," ती म्हणाली.

"मग ही पण जाईल?"

"समदी जातील."

"मग नाही गाणार. तुमचा माणूस तुम्हाला दिसतो ना? तक्रार कसली करता?"

येसूबाईचं माथं भडकलं. "तकरार? सात वरसं माजा नवरा वल्या अंगानं कुडकुडतोय! तुमाला बरं वाटतं ही बसलीय ते. पन तिला कधी इचारलंत, बाय, तुला निजायचं हाय का म्हनून?"

साखळकरांनी वाकून खुर्चीपाशी कान नेला. काय ऐकलं त्यांनी कोण जाणे. मग डोळे पुसले आणि पेटी पुढ्यात ओढली.

"खाल्लंस, प्यालंस, मांडव पाहिलास,
आल्या वाटेनं जा, मागं नको पाहूस."

एवढा नावाजलेला माणूस, पण येसूबाईच्या मागून एकेक ओळ घोकत होता. सोमाचं नाव घेतलं. पत्रांतली आठवतील तेवढी नावं घेतली. शेवटी "इंदू" म्हणताना आवाज फाटला. खुर्चीचा वेत करकरला आणि हळूहळू वर आला.

"सोमवारी याची रेकॉर्ड करतो," ते कसंबसं म्हणाले. "एका बाजूला आवतण, दुसऱ्या बाजूला बोळवण. आता जिथं ते वाजेल तिथं हेही वाजू दे."

येसूबाई घरी आली तर ओटा खडखडीत वाळला होता. खांबाजवळ एक कोंबडी पाय पसरून बसली होती. "सुटलास रं बाबा!" म्हणत म्हातारी तिथंच बसून पोटभर रडली.

रविवारी सकाळी शेजारच्या बायजानं कुंपणावरून हाक मारली. "आत्ये, ते गान्यावाले साखळकर पहाटं वारले गं! आज दिसभर रेडिओवर त्यांचीच गानी लावनार हायत." आणि तिनं रेडिओ मोठा केला.

"बंद कर गं, बंद कर!" येसूबाई किंचाळली. पण बायजाचा एक रेडिओ बंद करून काय व्हायचं होतं? कर्जतच्या हॉटेलांत, खोपोलीच्या चाळींत, पार मुंबईपर्यंत घराघरात तीच चाल लागली होती. बोळवणीची रेकॉर्ड मात्र झालीच नव्हती, आणि ती गाणारा गेला होता.

ती मागं वळली. ओटा ओला झाला होता. सोमा पाठ करून बसला होता. त्याच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यात साखळकर बसले होते, चपला मांडीवर धरून, नवख्या पाहुण्यासारखे.

"तिकडं इंदू परत खुर्चीत येऊन बसलीय," ते म्हणाले. "आम्हाला कुणी बोलावलं हो, येसूबाई?"

"तुमीच की, सायब," येसूबाई म्हणाली, आणि दुसरा तांब्या भरायला आत गेली.