उसनं दान

माझी नात अर्पिता हिने चिंचोके टाकून सोंगट्या चालवायचा आमचा चल्लस-आठचा खेळ मोबाइलवर बनवला. तिच्या परभणीच्या कॉलेजात पुण्याची एक कंपनी मुलाखती घेणार होती, त्याला एकच दिवस उरला होता. खेळ त्यांना चालवून दाखवला तरच नोकरी. आणि तो मधेच अडकून बसत होता.

दोन दिवसांपासून ती सोंगट्यांची गणितं तपासत होती. पुण्याला असलेला माझा भाचा योगीराज मोठा इंजिनिअर. त्याने फोनवर सांगितलं, बंद करून पुन्हा चालू कर. सोळा वर्षं शिकून एवढंच हाती लागलं.

शेवटी मीच मोबाइल घेऊन बसले. चुडाव्याला, माहेरी, मी आणि धाकटी बहीण धुरपता दुपारभर हाच खेळ खेळायचो. चिंचोके आमचे आम्हीच दगडावर घासायचो, एक बाजू पांढरी निघेपर्यंत. चारही पांढरे पडले तर चार घरं, चारही काळे पडले तर आठ. आपलं दान आपणच टाकायचं. एकदा धुरपताचा उजवा हात तव्याला भाजला. तिने डाव्याने टाकलं, पण मला टाकू दिलं नाही.

अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं. चारही काळे पडले की खेळ थांबतो.

“तुझ्या मोबाइलला आठ मोजता येत न्हाई,” मी म्हणाले.

तिने पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. “आजी, मोजायचं काम माझ्याकडं न्हाईच. दान टाकायचं ते बाहेरून घेतलंय.”

कुठल्या तरी देशातल्या माणसाने दान टाकायची सोय लिहून फुकट ठेवलेली, ती हिने आणून जोडली. त्याला गेल्या आठवड्यात वाटलं, काळ्यांना आठ देणं चूक आहे. त्याने शून्य केलं. तो बदल हिच्या खेळात आपोआप उतरला. शून्य घरं चालायची कशी, म्हणून सोंगटी जागची हलेना.

“म्हणजे तुझं दान तो टाकायलाय?”

“सगळेच असं करतात, आजी.”

“सगळे म्हणजे योगीराजच ना?”

ती त्या माणसाला पत्र लिहायला निघाली होती. मी विचारलं, स्वतः लिहायला किती लागतं? म्हणाली, दहा ओळी. दहा ओळींसाठी ही परदेशात गेली होती. मी नियम सांगत गेले, ती लिहीत गेली. चहा उकळेपर्यंत झालं. मग मी खेळतच राहिले. चार काळे पडले आणि सोंगटी आठ घरं चालली.

मुलाखतीत साहेबांनी नेमक्या त्याच ओळींवर बोट ठेवलं. हे फुकट मिळत असताना स्वतः कशाला लिहिलं? तिने सगळं सांगितलं. त्यांनी नोकरी दिली.

काम काय, तर लोकांनी फुकट ठेवलेलं शोधून आणायचं आणि कंपनीच्या खेळांना जोडायचं. पोरगी लय खूश आहे. सोमवारी रुजू व्हायचंय. मी तिची बॅग भरून दिली.