वल्हं धरणारी

नियम काढणाऱ्यांनी नियम चांगलाच काढला होता. धरणातला मासा वर्षागणिक कमी होत चालला होता. म्हणून मासेमारांची संख्या बांधून दिली, बारीक भोकांचं जाळं बंद केलं, पावसाळ्यात मासा अंडी टाकतो ते दोन महिने सगळ्यांनी घरी बसायचं ठरलं, आणि परवाना त्यालाच जो स्वतः मासे धरतो. या शेवटच्या कलमाला तर पार्वतीबाईनं सोसायटीच्या बैठकीत आपणहून हात वर केला होता. तालुक्याला दुकान थाटून धरणावर हक्क सांगणाऱ्यांचा तिला भारी राग. त्या कलमात आपलाच पाय अडकेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तीस वर्षं ती नवऱ्यासोबत पाण्यावर गेली होती. विश्वंभर पुढं उभा राहून फेकजाळं टाकायचा, ती मागं बसून वल्हं धरायची. भोयांच्या त्या वस्तीत रीतच तशी, जाळं बाप्याचं आणि वल्हं बाईचं. पाण्यावर दोघं बोलत नसत, मासा बुजतो म्हणून. त्याचा डावा पाय फळीवर वाजला की होडी डावीकडं, उजवा वाजला की उजवीकडं, आणि दोन्ही पाय गच्च रोवले की जागच्या जागी धरून ठेवायची. माघात तापाचं निमित्त झालं आणि विश्वंभर गेला. तेव्हापासून ती एकटी होडी काढायची, काठाकाठानं एक फेरी मारायची आणि परत आणून बांधायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आखाडा बाळापूरच्या बाजारात ती दुसऱ्यांचे मासे विकायची. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड वाजवून घरी आली की मग उद्यापर्यंत तोंड उघडायला कारण नसायचं. लेक सृष्टी पुण्याला दिलेली. ती फोनवर म्हणायची, "आई, इकडंच ये ना." पण तिसऱ्या मजल्यावर बसून भोयाच्या बाईनं करायचं काय?

परवान्यावर विश्वंभरच्या जागी तिचं नाव लागायचं, तर अधिकाऱ्यांसमोर मासे धरून दाखवायचे होते. नाही जमलं तर जागा रिकामी, आणि रांगेत पहिला नंबर हरीशचा, म्हणजे तिच्या दिराच्या पोराचा. दीर दगडोबा वाईट माणूस नव्हता. पण लेकाची सोय होत असताना वहिनीसाठी जीव टाकेल इतका भलाही नव्हता.

महिनाभर तिनं अंगणात जाळं टाकायचा सराव केला. शेजारणी दाराआड हसल्या, दोन कोंबड्या तेवढ्या सापडल्या. शेवटी शेवटी मातीवर जाळं बऱ्यापैकी गोल पडू लागलं.

बंदीला दोन दिवस उरले असताना मत्स्य विभागाच्या साधना मॅडम आल्या. वयानं पोरसवदा, पण कामाला चोख. त्यांना काठावर खुर्ची टाकली, भोवती वस्तीतले बाप्ये उभे राहिले. पार्वतीबाईनं होडी आत नेली, वल्हं खाली ठेवलं, उभी राहून जाळं फेकलं. वल्हं सुटताच वाऱ्यानं होडी गरकन फिरली आणि जाळं गाठोडं टाकावं तसं पाण्यात पडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर ती गुडघ्यांवर आपटली. काठावर कुणीतरी हसलं.

"तू काय, नुसती बसून तर असतेस," असं विश्वंभर थट्टेनं म्हणायचा, आणि तिलाही ते खरंच वाटायचं. आता होडीच्या फळीला धरून ओणवी झालेली असताना तिला कळलं, की ती नुसती बसत नव्हती.

"मावशी, या बाहेर," मॅडम म्हणाल्या. "जाळं टाकता येत नाही, असं लिहावं लागेल मला."

"मी जाळं टाकणारी न्हाईच मॅडम. मी होडी धरणारी हाय."

"अर्जात तसा रकाना नाही हो. आणि तुम्ही होडी धरलेली बघायची, तर पुढं जाळं टाकायला कुणीतरी पाहिजे ना."

काठावरून कुणी हललं नाही. मग पार्वतीबाईनं वल्हं उचललं आणि दोन्ही हातांनी सरळ उभं धरलं.

ती बुडणाऱ्याची खूण. उभं वल्हं ज्याच्या नजरेला आधी पडेल त्यानं जायचं, मग भांडण असो की कोर्टकचेरी. न पाहणाऱ्याला मात्र बंधन नाही, म्हणून सगळे बाप्ये एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागले. दगडोबाला तेवढी सवड मिळाली नाही. तो मघापासून तिच्या जाळ्याकडं टक लावून होता आणि वल्हं वर गेलेलं त्यानं पुरतं पाहिलं होतं. त्यानं एक शिवी हासडली, सदरा काढला आणि पाण्यात उतरला.

"वैनी, हे काहून केलं तुमी?" होडीत चढत तो म्हणाला.

"खूण केली. तुमी पाह्यली. आता टाका जाळं."

त्याला पायांची बोली येत नव्हती. पण त्याची टाच कुठं दबते ते बघून तिनं होडी वळवली, वाऱ्याला तोंड देऊन घट्ट धरली. जाळं हवेत उघडलं आणि पुरं गोल होऊन पाण्यावर पडलं. दुसऱ्यांदाही तसंच, आणि ओढलं तेव्हा आत मासे फडफडत होते. मॅडम खुर्चीवरून उठून पाण्याच्या कडेला आल्या. त्यांनी अर्जाच्या कडेला स्वतःच्या हातानं लिहिलं, 'होडी धरते, मासेमार,' आणि खाली सही केली. साहेबांनी विचारलं तर मी उत्तर देईन, म्हणाल्या.

परतताना दगडोबा तिच्याकडं पाठ करून बसला होता. तसाच म्हणाला, "दादाचं जाळं तसं काहून पडायचं, ते आज समजलं. आमी समजत व्हतो, त्याच्या हातात कला हाय."

"त्यांना ठाव व्हतं का हे?"

दगडोबानं पाण्यात हात बुडवून काढला. "न्हाई वैनी. त्यालाबी वाटायचं, हात त्याचाच." मग काठ जवळ आल्यावर, "बंदी उठली की हरीशला घ्या पुढं. जाळं बराबर टाकतो," एवढं बोलून तो उतरला.

तिनं होकारार्थी मान डोलावली. जीप गेली, माणसं पांगली. परवाना मिळाला होता, कुणापुढं हात पसरायची पाळी टळली होती. तरी ती होडीतून उठली नाही. माघापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. तीस वर्षं जिच्याकडं बघत ती बसली होती, ती विश्वंभरची पाठ एकदाही वळली नव्हती, त्यानं तिचे हात कधी पाहिले नव्हते, आणि आता ते दाखवायचे तरी कुणाला.