मुतखड्याला तेल नाही

अनुजाला मुतखडा झालेला नाही, हे फक्त तिघांना माहीत होतं. अनुजाला स्वतःला, तिच्या पप्पांना आणि हातकणंगल्याच्या तानामावशीला. बाकी सगळी गल्ली कुळीथ पाठवत होती.

त्याचं असं झालं. उन्हाळ्यात कधीतरी अनुजा अंथरुणातून उठेनाशी झाली. शिकवणीची पोरं दारातून परत जायला लागली. चर्चमधली पेटी ती वाजवायची, तिथं भलताच कुणीतरी बसून सगळी गाणी एकाच चालीत वाजवू लागला. तरी पप्पांनी, म्हणजे अंतोनरावांनी, फारसं मनावर घेतलं नाही. पण एक दिवस नळाला पाणी आलं आणि अनुजा उठली नाही. कोल्हापुरात नळाला पाणी आलेलं असताना माणूस पडून राहतं म्हणजे प्रकरण साधं नव्हे. अंतोनरावांनी तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, नैराश्य आहे, गोळ्या सुरू करू.

परत येताना फाटकातच शेजारच्या हुसेनबी उभ्या. "काय म्हणलं डॉक्टर?"

अंतोनरावांनी एस.टी.च्या वर्कशॉपात उभं आयुष्य काढलं, पण खोटं बोलायची सवय नव्हती. समोर कुणाच्यातरी बांधकामासाठी खडीचा ढीग पडला होता. त्यांची नजर तिथं गेली आणि तोंडातून निघून गेलं, "मुतखडा."

त्या दिवसापासून अनुजाच्या पोटात खडा वाढायला लागला.

हुसेनबींनी कुळथाचं कढण पाठवलं. मांडववाल्या विजयसिंहानं पानफुटीची पानं आणून दिली आणि हळूच एक बिअरची बाटलीही. स्वतः दोन खडे पाडलेला कोपऱ्यावरचा कृष्णात रोज येऊन विचारायचा, "कितीचा हाय?" अंतोनरावांनी पहिल्यांदा सहा एमएम सांगितलं. मग ते विसरले आणि नऊ म्हणाले. गणपतीपर्यंत खडा चौदाला पोचला. "एवढा खडा जिल्ह्यात कुणाला झाला न्हाय," असं कृष्णातनं पानपट्टीवर जाहीर केलं, तेव्हा त्याच्या आवाजात गल्लीचा अभिमान होता.

अनुजा कढण प्यायची. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तेव्हा नव्हता.

तानामावशीला मात्र खरं सांगावं लागलं होतं, कारण ती आईची सख्खी बहीण, आणि आई जाऊन सहा वर्षं झाल्यामुळं मावशीचा अधिकार दुप्पट झाला होता. ती दर आठवड्याला रेल्वेनं यायची, रोझरीची माळ अनुजाच्या उशाखाली सरकवायची आणि गोळ्यांची पट्टी कपाटावर टाकायची.

"गोळ्या म्हंजे देवावर अविश्वास, पोरी. मनाचं दुखणं प्रार्थनेनं जातंय."

"आणि तुझी शुगरची गोळी, मावशी?"

"ती रक्ताची हाय."

"मेंदूत काय मग ताक हाय व्हय?"

मावशीनं माळ ओढायला घेतली. पट्टी कपाटावरच राहिली. अनुजानं स्टूल ओढलं, चढली आणि काढून घेतली. तिनं एवढं काही केल्याला बरेच दिवस झाले होते.

दिवाळीनंतर दुखणं पुन्हा उलटलं. आपण नसलेलं बरं, असं मनात यायला लागलं. तिनं ते लपवलं नाही. डॉक्टरांना सरळ सांगितलं, आणि डॉक्टरही सरळ म्हणाले, काही दिवस भरती हो, औषध बदलू, नजरेखाली राहशील. ती तयार झाली.

अंतोनरावांनी घरी येऊन बेत आखला. भर दुपारी, गल्ली जेवून आडवी झाली की, मागच्या बोळातून निघायचं. कुणी विचारलं तर मावशीकडं गेलीय.

"आणि जास्तच खोदून विचारलं तर?" अनुजानं विचारलं.

अंतोनराव म्हणाले, "कळंब्याला गेलीय म्हणू."

कळंब्याला तलाव आहे, पण 'कळंब्याला गेली' म्हटलं की गल्लीला आधी आठवतो तो तुरुंग.

"पप्पा, म्हणजे मी तुरुंगात गेले असं सांगणार तुम्ही?"

"तुरुंगातल्या माणसाचं लोक निदान विचारतात गं, कधी सुटणार म्हणून."

त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की अनुजाला हसू आलं. आणि मग राग. राग आला म्हणून तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी आत काहीतरी गरम झालं होतं.

"मी समोरच्या दारानं जाणार," ती म्हणाली. "आणि जायच्या आधी फादरांकडनं तेल घेणार."

अंतोनराव खाली बसले. आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना फादर आशीर्वादाचं तेल लावतात, प्रार्थना करतात. मोठा आजार असला की ते मागता येतं. पण या घरात ते शेवटचं आलं होतं अनुजाच्या आईसाठी, आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. गल्लीतही आजवर ते तीनच घरांत आलं होतं, आणि तिन्ही घरांतून माणूस गेलं होतं.

"तेल मरणाऱ्याला देतात," ते म्हणाले.

"आजाऱ्याला देतात. आपण फार उशिरा बोलावतो, म्हणून तसं वाटतं."

"तुझ्या आईला..."

"माहीत आहे, पप्पा. मी तिथंच होते."

तिनं स्वतः फादरांना फोन लावला आणि दार ओढून घेऊन सगळं सांगितलं.

फादर लोपीस मूळचे वसईचे. स्कूटर सावकाश चालवायचे. एवढी सावकाश की ते गल्लीच्या तोंडाशी वळले आणि दारात पोचले, तेवढ्या वेळात पांढरा झगा आणि हातातली तेलाची डबी सगळ्यांनी बघून घेतली, चर्चा झाली, निष्कर्ष निघाला आणि कामं वाटलीसुद्धा गेली. विजयसिंहानं टेम्पोतून खुर्च्या उतरवल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून हुसेनबींनी भाताचा डबा भरला. कृष्णात फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आत फुटला खडा. चौदाचा होता."

फादर खुर्च्यांतून वाट काढत आत आले. "या घराला शांती असो," म्हणाले, आणि मागं वळून बघत विचारलं, "बाहेर मयत कुणाची आहे?"

"माझी," अनुजा म्हणाली. "बसा, चहा ठेवते."

तोवर गल्ली आत शिरली होती. हुसेनबींनी डोळ्याला पदर लावला होता. तिला उभी बघून त्यांनी पदर काढला आणि पुन्हा लावला. कोपऱ्यात तानामावशी माळ ओढत होती. ती भाचीला निरोप द्यायला आली होती, मागच्या दारानं.

एवढी माणसं बघून अंतोनरावांचं धैर्य गेलं. ते पुढं झाले. "फादर, मुतखडा हाय तिला."

अनुजानं त्यांच्याकडं बघितलं. फादरांनी अनुजाकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण दुसऱ्याचं दुखणं आपण उघड करायचं नसतं हेही ठाऊक होतं.

"मुतखड्याला तेल नाही," ते शांतपणे म्हणाले. "मला स्वतःला दोनदा झालाय. भरपूर पाणी प्यायचं."

गल्लीला हे मुळीच आवडलं नाही.

"चौदाचा हाय, फादर!" कृष्णात म्हणाला. "साधासुधा न्हाय!"

"सहा महिनं झालं, पोरगी अन्नाला शिवंना," हुसेनबी म्हणाल्या. "आणि तुमी तेल न्हाय म्हणताय? एवढीशी डबी ती! कमी पडत असंल तर माझ्या घरातनं देते की."

"गंभीर आजार असेल तर देतो," फादर म्हणाले. "आजार काय ते आजाऱ्यानं सांगायचं."

खोलीत सगळे अनुजाकडं बघायला लागले. अंतोनराव मान हलवत होते, नको, नको. तिनं केस मागं सारले. आज तिनं ते विंचरले होते.

"खडा न्हाय," ती म्हणाली. "कधीच नव्हता. माझं मन आजारी हाय. नैराश्य म्हणतात त्याला. गोळ्या चालू हायेत, आज भरती व्हायला चाललेय, मानसिक विभागात. मागच्या बोळातनं न्हाय, ह्या दारातनं. कुणाला वेडी म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा. मी उभी हाय इथं. मी गेल्यावर पानपट्टीवर म्हणू नका."

कृष्णातनं विचारलं, "म्हंजे खडा न्हायच?"

"न्हाय."

"सहाचासुद्धा न्हाय?"

"कृष्णातदादा, न्हाय."

माणूस गेल्यावर वाटतं तसं त्याला वाटलेलं दिसलं. हुसेनबींनी पदर खाली केला. "आणि मी सहा महिनं कुळीथ शिजीवतेय!" मग अंतोनरावांकडं वळून, "तुमाला लाज न्हाय वाटली? पोरगी आत झुरालीया आणि तुमी माझ्याकडनं कढण घेताय? सांगितलं असतं तर येऊन बसलो नसतो व्हय हिच्यापाशी?"

अंतोनरावांना एवढं वाईट कुणी वेडी म्हटल्यावरही वाटलं नसतं.

माळ थांबवून तानामावशी उठली. "फादर, आता तुमीच सांगा हिला. तेल लावा आणि त्या गोळ्या बंद करा. श्रद्धा असती तर लागल्या असत्या व्हय?"

"मावशी," फादर म्हणाले, "मी तेल लावल्यावर ती गोळी घेईल. रोज, वेळेवर. चुकवली तर देवाला आवडणार नाही आणि मलाही नाही. तिचा आजार मोठा आहे म्हणून तेल देतोय. तिचं पाप मोठं आहे म्हणून नव्हे, श्रद्धा थोडी आहे म्हणूनही नव्हे. तुम्ही पट्टी कपाटावर टाकता ना? आता खाली ठेवायची. हात पोचेल अशी."

मावशीनं अनुजाकडं रागानं बघितलं. हे फादरांना कुणी सांगितलं ते उघडच होतं.

मग फादरांनी गळ्यात विधीचा पट्टा घातला, डबी उघडली, अनुजाच्या डोक्यावर हात ठेवून काही वेळ नुसते उभे राहिले. कपाळाला तेल लावलं, मग दोन्ही तळहातांना. तेल गार होतं. प्रार्थनेला उत्तर द्यायचं असतं, पण मावशी फुरंगटली होती आणि अंतोनरावांचा आवाज फुटेना. तेव्हा हुसेनबी मोठ्यानं म्हणाल्या, "आमीन," आणि बाकीच्यांनाही तो शब्द सोपा वाटला.

अनुजाला काही चमत्कार झाल्यासारखं वाटलं नाही. दुखणं होतं तिथंच होतं. पण आता ते सगळ्यांसमोर होतं, आणि त्याला नाव होतं.

रिक्षा आली. अंतोनरावांनी पिशवी उचलली आणि ठरलेल्या बेताप्रमाणं पाय मागच्या दाराकडं वळले. दोन पावलं गेल्यावर ते थांबले. मग वळून, माणसांतून वाट काढत, समोरच्या दारानं बाहेर आले.

"खुर्च्या नेऊ का ठेवू?" विजयसिंहानं विचारलं.

"ठेव," अनुजा म्हणाली. "परत येईन तेव्हा बसायला लागतील."

ती रिक्षात बसल्यावर हुसेनबींनी भाताचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. मयताच्या घरचा भात मयतानंच खायचा, अशी वेळ गल्लीत पहिल्यांदा आली होती. रिक्षा सुरू व्हायच्या आधीच तिनं झाकण काढून चार घास खाल्ले. "मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"रडत केला, त्यातच हाय म्हणलं मीठ," हुसेनबी म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशी दूधवाला ज्ञानू सायकल आडवी घालून उभा होता. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "काका, खडा कसा हाय पोरीचा?"

अंतोनरावांनी रिक्षा थांबवायला लावली. मान बाहेर काढली. घसा दोनदा खाकरला.

"खडा न्हाय रं, ज्ञानू," ते म्हणाले. मग पानपट्टीपर्यंत पोचेल अशा आवाजात, "नैराश्य हाय तिला! मानसिक विभागात चाललोय! भेटायला या सगळी, चार ते सहा!"

पानपट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. ज्ञानूनं डोकं खाजवलं. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "कितीचं हाय?"

अंतोनरावांनी अनुजाकडं बघितलं. या वेळी आकडा त्यांना सुचला नाही.

अनुजानं तेलकट तळहात रिक्षाबाहेर काढून ज्ञानूला दाखवला.

"तेल मिळण्याएवढं हाय," ती म्हणाली. "सायकल काढ आता वाटेतनं."