गाडीच्या सालावरून मला ओळखू नका

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला आणि फटकळ तोंडाचा ॲक्सल आहे. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. आपली मैत्री अजून व्हायची आहे. ट्रक दिसला की तुम्ही त्याचा रंग बघता, भोंगा वाजवता, फार तर टायरला लाथ मारता. पुढच्या दोन चाकांच्या मधे आडवा पडून इंजिनाचं ओझं मी वाहतो, चिखलात पुढची चाकं मी ओढतो, आणि ती वळतात तीही माझ्याच खांद्यांवर. पण माझ्याकडे बघायला खाली वाकावं लागतं, आणि वाकायचं म्हटलं की सगळ्यांची कंबर धरते.

माझा जन्म सत्त्याहत्तर सालचा, जड ट्रकांच्या कारखान्यातला. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या उत्तर भागात घाटरस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या एका ट्रकखाली मला बसवलं. माझ्या लांब नळीवर एक नंबर ठोकलेला आहे. तेच माझं नाव. चाक ज्या खुंटीभोवती, म्हणजे किंग पिनभोवती, वळतं तिच्यावर माझ्याकडे चार बोल्टची टोपी असते. हलक्या जातीच्या ॲक्सलला तिथे नुसता एक नट असतो. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकीही आहे. दोनच हिवाळ्यांत तो ट्रक दरीत कलंडला आणि मी भंगाराच्या आवारात जाऊन पडलो. महिनाभर माझ्यावर कुत्री झोपायची.

तिथून मला आर्नो इरिबार्नेने उचललं. हा बास्क, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातला माणूस तरुणपणी मेंढ्या राखायला अमेरिकेत आला आणि पुढे स्वतःच्या दोन हजार मेंढ्यांचा मालक झाला. त्याची मुलं त्याला आइता, म्हणजे बाबा, म्हणत. थोरली डेनीज आणि धाकटा एमिल. एमिल चोवीस वर्षांचा घोडा झाला होता, पण गाडी चालवायचा ती मागे भूत लागल्यासारखी. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत त्याने बापाचा नवाकोरा अठ्ठ्याहत्तरचा ट्रक गोठलेल्या ओढ्यात भरधाव घातला आणि त्याचा मूळचा हलका ॲक्सल मधोमध मोडला. बाप बोलला, तर हा रुसून एल्कोला मावशीकडे जाऊन बसला. तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत आर्नोने आणि डेनीजने गोठ्यात उताणं पडून मला त्या ट्रकखाली चढवलं. ट्रकच्या स्टिअरिंगपासून माझ्या हातापर्यंत येणारा जो दांडा असतो, त्याचं माझ्याकडचं टोक जाड लागतं. आर्नोने तसा दांडा स्वतः जुळवला. काम फक्कड झालं. पण शेवटी तो म्हातारा जे करून बसला, त्याचा मला आजही संताप येतो.

या मेंढपाळांना एक खोड आहे. उन्हाळाभर डोंगरावर एकटे असतात, तेव्हा ॲस्पेनच्या पांढऱ्या खोडांवर चाकूने कोरत बसतात. स्वतःचं नाव, साल, आणि ज्याच्यावर राग असेल त्याच्याबद्दल चार शेलक्या शब्दांची ओळ. आर्नोचा हात तसाच वळला. छिन्नी घेऊन त्याने माझ्या नळीवर, नंबराच्या अगदी शेजारी, दोन ओळी ठोकल्या.

‘डेनीजने मदत केली. फेब्रुवारी ७९.’

‘एमिलला फक्त मोडता येतं.’

“आइता, खोडा ते,” डेनीज म्हणाली. “वाचलं तर त्याला काय वाटेल?”

“वाचायला खाली कोण येतंय? तुझा भाऊ?” म्हातारा हसला. “सूर्य पश्चिमेला उगवेल त्या दिवशी.”

खरंच, एमिल आला नाही. तो परतला तेव्हा बापाचा राग केव्हाच उतरला होता. त्याने पोराला पोटाशी धरलं, मटणाचा रस्सा पुढे वाढला आणि ‘झाला ट्रक दुरुस्त’ एवढंच सांगितलं. एमिलला वाटलं, जुनाच ॲक्सल सांधला असेल. चाकाला आधीही आठ नट होते, आताही आठच; उभ्याने बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. आठ वर्षं मला ग्रीस दिलं ते आर्नोने, त्याचे गुडघे गेल्यावर डेनीजने. एमिल वरच बसायचा.

गेल्या ऑक्टोबरात आर्नो गेला. मृत्युपत्रात मेंढ्या आणि ट्रक एमिलला, गावातलं घर डेनीजला. अंत्यविधीचं जेवण आटपून लोक पांगल्यावर डेनीज डांबराचा डबा घेऊन माझ्याखाली शिरली आणि तिने एमिलवरची ती ओळ लिंपून टाकली. नंबर शेजारीच होता, तोही झाकला गेला. माझं नावच पुसलं की हो! मी तिच्यावरही चिडलो. पण ती रडत होती, म्हणून गप्प बसलो. नाहीतरी गप्पच बसतो.

त्यानंतर बहीणभाऊ मेंढ्यांवरून भांडले, घरावरून भांडले, आणि मग नुसतेच भांडले. आठ महिने मला कोणी ग्रीस दिलं नाही. दांड्याच्या टोकाचा बॉलचा सांधा सैल झाला, स्टिअरिंग हात-हातभर नुसतंच फिरू लागलं. जूनमध्ये मेंढ्या डोंगरावर न्यायची वेळ आली. मेंढपाळाची घरगाडी ट्रकला जोडून वर न्यायची आणि पलीकडे सात मैलांचा उतार उतरायचा. ट्रक चालवणार होता फाउस्तो, पेरूहून आलेला त्यांचा मेंढपाळ. गावी त्याला तीन मुली आहेत.

एमिल मला घेऊन गावातल्या सुट्या भागांच्या दुकानापुढे उभा राहिला. तिथे काउंटरवर काम करायची ती डेनीजच. दार उघडंच होतं, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“स्टिअरिंगचा दांडा दे. अठ्ठ्याहत्तरच्या ट्रकचा.”

“कोणत्या ॲक्सलचा?”

“बहिरी झालीस काय? अठ्ठ्याहत्तर.”

“मी ट्रकचं साल नाही विचारलं. ॲक्सल विचारला. आइताने आणि मी तो बदललाय. जड जातीचा आहे, त्याला जाड टोकाचा दांडा लागतो. आठ दिवसांत मागवून देते.”

“खालचं गवत संपलंय, आठ दिवसांत माझ्या मेंढ्या उपाशी मरतील! आणि आइताने बदलला असता तर मला बोलला असता.”

“तू होतास कुठे बोलायला? मावशीकडे थोबाड फुगवून बसला होतास.”

दुकानातले दोघेतिघे खी खी हसले. एमिलचा आवाज चढला. “एवढी खात्री आहे ना? चल बाहेर. कुठे लिहिलंय ते दाखव. नंबर असतो म्हणतात ना, दाखव नंबर!”

मित्रांनो, मी श्वास रोखला. डेनीज बाहेर आली, माझ्यापाशी थांबली. चार बोटं रॉकेल, एक चिंधी, आणि डांबर निघालं असतं. पण नंबराबरोबर दुसरंही निघालं असतं. ती तशीच उभी राहिली.

“माझ्यावर विश्वास ठेव ना रे,” ती म्हणाली.

“नाही दाखवत? वाटलंच मला. तुला आइताच्या प्रत्येक गोष्टीत स्वतःला घुसवायचंच असतं!” असं म्हणून त्याने गाडी काढली.

त्याने भंगारातून अठ्ठ्याहत्तरच्या ट्रकचा दांडा आणला. स्टिअरिंगकडचं टोक बरोब्बर बसलं, कारण तिकडचं सगळं मूळचंच. माझ्याकडच्या निमुळत्या भोकात मात्र दांड्याच्या टोकाची बारीक खुंटी खडखडत होती. शहाण्या माणसाने तिथेच हात आखडला असता. या पठ्ठ्याने नटाखाली तीन वायसर कोंबले आणि पाना कचकचून आवळला. वरून बघाल तर एकदम घट्ट! मला ओरडता आलं असतं तर अख्खं खोरं जागं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाउस्तो गाडीत चढला. शेजारी कुत्रा, मागे घरगाडी. फाटकाशी पोचतो तोच समोरून धुरळा उडवत डेनीजची मोटार आली आणि फाटकात आडवी उभी राहिली. भंगारवाल्याने तिला दुकानात सहज सांगितलं होतं, तुझा भाऊ काल अठ्ठ्याहत्तरचा दांडा घेऊन गेला म्हणून.

“गाडी काढ मधून!” एमिल धावत आला.

“आधी तो दांडा काढ.”

“घट्ट बसवलाय. हलवून बघ.”

“वायसरवर घट्ट आहे, माठ्या! खुंटी भोकात नुसती लटकतेय. उतारावर सुटली तर गाडी सरळ दरीत. ती टोपी बघ, चार बोल्टची. मूळच्या ॲक्सलला असते का असली?”

“मला काय ठाऊक! उद्या म्हणशील ट्रकच दुसरा आहे. फाउस्तो, उतरू नकोस. ही निघेल आता.”

“मी बसलोय मालक,” फाउस्तो वरून म्हणाला. “पण बाई म्हणतात ते एकदा बघा ना. मरायचं मला आहे.”

“कोणी मरत नाहीये! हिला फक्त मला खोटं पाडायचंय.”

मोटारीतून रॉकेलची बाटली आणि तारेचा ब्रश काढून डेनीज उताणी माझ्याखाली सरकली. डांबर निघताना माझी कातडी सोलली जात होती असं वाटलं. आधी नंबर उघडा पडला. पण तिथे थांबायला जागा नव्हती. डांबराचा पोपडा निघाला तो सलग.

“ये,” ती म्हणाली. “वाच.”

आणि आठ वर्षांत पहिल्यांदा एमिल इरिबार्ने माझ्याखाली आला. नंबर वाचला. मग डेनीजचं नाव आणि महिना. मग खालची ओळ. बापाचं अक्षर त्याने ओळखलं. त्याने त्या ओळीवरून अंगठा फिरवला. मी या माणसाचा मनापासून तिरस्कार करतो, पण त्या क्षणी मला माझ्या नळीची लाज वाटली.

“हे तुला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“माझ्यासमोरच ठोकलं आइताने.”

“आणि डांबर?”

“मी लावलं. तुला दिसू नये म्हणून.”

“मग आज कशाला दाखवलंस?”

“फाउस्तो गाडीत बसलाय म्हणून.”

एमिलने तळहात पुढे केला. “पाना दे.”

त्याने नट सोडवला. मित्रांनो, नीट बसलेली खुंटी हातोडीचे चार दणके घातल्याशिवाय जागची हलत नाही. ही नट निघताच आपसूक खाली आली आणि त्याच्या तळहातावर पडली. ती कुठेच धरलेली नव्हती. फाउस्तोने खाली वाकून ते पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि कुत्र्याला घेऊन उतरला. “मी मेंढ्यांबरोबर चालत जातो,” तो म्हणाला आणि चालूही लागला.

आता बहीणभाऊ गळ्यात पडले असं समजू नका. दांडा यायला आठ दिवस लागले आणि ते आठही दिवस ती दोघं भांडली. “घासून टाकू का ती ओळ?” असं डेनीजने एकदा विचारलं. “राहू दे,” तो म्हणाला. “घासलीस तरी वाचली आहेच.” त्यानंतर दर महिन्याला तो ग्रीसची पिचकारी घेऊन खाली येतो. पहिल्यांदा अर्धं ग्रीस स्वतःच्या कानात घातलं. मी त्याला माफ केलेलं नाही. पण आता किंग पिना कुरकुरत नाहीत, हेही खरं.

म्हणून सांगतो, आणि गोड बोलून सांगणार नाही. कुठलाही भाग बदलण्याआधी गाडीचं साल विसरा, जमिनीवर आडवे व्हा, चिखल खरवडा आणि नंबर वाचा. वेळच्या वेळी ग्रीस द्या. आणि राग आला असेल तेव्हा छिन्नी हातात घेऊ नका. आर्नोचा राग तीन आठवडेही टिकला नव्हता; त्याने तो छिन्नीऐवजी तोंडानेच बाहेर काढला असता तर रश्श्याबरोबर जिरला असता.

आता मी एवढंच करतो. ओढा आला की मुद्दाम चिखल उडवून त्या ओळीवर घेतो. पण एमिल खाली येतो, आणि काहीही करण्याआधी आपल्या बाहीने तोच चिखल पुसतो.