बोटावरचा काळाबोळ

साल फसली तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीस. शिरड शहापुरात त्या साली लग्नं झाली, विहिरी खणल्या गेल्या, माणसं आली आणि गेली. पण बनाला पुढं साठ वर्षांनी कुणी विचारलं असतं, तर तिनं एवढंच सांगितलं असतं, की त्या साली राघू आला आणि त्याच साली राघू गेला.

माघाच्या अखेरीस तिच्या बापानं, दगडोबानं, बांधावरच्या वठलेल्या मोहाची फांदी तोडली. फांदी खाली आली तशी तिच्या ढोलीतून पोपटाची तीन पिल्लं बाहेर पडली. दोन जागीच गेली. तिसरं धुळीत मान वर करून चिरकत राहिलं. अंगावर पिसं म्हणावीत अशी नव्हतीच, नुसते हिरवे खुंट. दगडोबानं ते पागोट्याच्या शेवात गुंडाळून घरी आणलं आणि अकरा वर्षांच्या बनाच्या ओंजळीत ठेवलं.

"जगलं तर तुझं," तो म्हणाला. "मेलं तर रडत बसायचं न्हाई."

बनानं त्यातला पहिला शब्द तेवढा धरून ठेवला.

जगवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. हरभऱ्याची डाळ भिजवायची, पाट्यावर गंधासारखी मऊ वाटायची, कोमट पाण्यात कालवून तिची पेज करायची आणि करंगळी तीत बुडवून पिल्लाच्या चोचीशी न्यायची. दिवसातून सहा वेळा. पिल्लू करंगळी चोचीत धरायचं आणि मान खालीवर करत चाटत राहायचं. गळ्याखालची थैली सुपारीएवढी फुगली की तिच्याच ओच्यात झोपी जायचं. बनाच्या करंगळीला घट्टा पडला. ती तो सगळ्यांना दाखवत फिरायची.

महिनाभरात पिसं आली, शेपूट लांबलं, दगडोबानं बांबूच्या कामट्यांचा पिंजरा करून दिला. पण राघू खायला काही शिकेना. बनानं त्याच्यापुढं काय काय ठेवलं नाही? भिजवलेली डाळ ठेवली, हरभऱ्याचे घाटे ठेवले, काकडीची फोड, हिरवी मिरची, शेंगदाणा. तो एकेक वस्तू उचलायचा, नीट निरखायचा आणि पाण्याच्या वाटीत टाकून द्यायचा. मग कामट्यांतून चोच बाहेर काढून करंगळीसाठी ओरडायचा.

"हा राघू न्हाई, जावई हाये," बनाची माय पार्वतीबाई म्हणायची. "रुसतोय बी तसाच."

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते राहिलं नव्हतं. फाल्गुन सरत आला, ऊन तापलं, आणि एका दुपारी राघू पिसं फुगवून कोपऱ्यात बसला. चोचीला आंबूस वास येत होता. दगडोबानं त्याची थैली बोटानं चाचपली.

"पेज आंबून राहिली गळ्यात," तो म्हणाला. "उन्हाळ्यात पेजेवरचं पाखरू टिकत न्हाई, बने. वैशाखाच्या आत दाणा धरला तर धरला."

त्या दिवसापासून बनाला दुसरं काही सुचेना. ती दाणे चोळून मऊ करायची, स्वतः खाऊन दाखवायची, त्याच्या तोंडाकडं बघत बसायची.

घरात तिला समजून घेणारं माणूस एकच होतं, तिची सिंधूआत्या. दगडोबाची धाकटी बहीण, बावीस वर्षांची. आखाडा बाळापूरला तातेरावाच्या घरी दिलेली, पण दोन वर्षांपासून माहेरी धाडलेली. पोटी लेकरू नव्हतं हे एक कारण, आणि दुसरं असं की तिच्या सासूला, रुख्मिणीबाईला, राघूचा फार नाद होता. म्हातारीचा बारा वर्षांचा बोलका राघू होता. एक दिवस सिंधूनं पिंजरा धुतला आणि दाराची काडी लावायची विसरली. बोका राघू घेऊन गेला. म्हातारीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी सुनेला गाडीत बसवून दिलं. तातेराव आईपुढं बोलणारा नव्हता.

बना या आत्याजवळच झोपायची. वेणी आत्याच घालायची, काटा रुतला तर आत्याच काढायची. रागावली तरी आत्याचा आवाज चढत नसे.

पाडव्याला रामसिंग आला. बाजारोबाजार कापडाचं गाठोडं फिरवणारा माणूस, बाळापूर ते औंढा सगळ्या गावांचे निरोप त्याच्याकडं असायचे. सिंधूनं त्याला पाणी दिलं. दोघं ओट्यावर हळू आवाजात बोलत बसली. मग रामसिंग पिंजऱ्यापाशी आला आणि वाकून बघू लागला.

"अच्छा है," तो म्हणाला. "अपने आप खाता है क्या?"

"न्हाई अजून," बना म्हणाली.

"खाएगा, खाएगा," असं म्हणून त्यानं सिंधूकडं पाहिलं. सिंधू तांब्या उचलून आत निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी आत्या बनाशेजारी येऊन बसली.

"बने, तू त्याला तोडत काहून न्हाईस?"

"तोडू म्हंजी?"

"अंगावरचं लेकरू तोडतात तसं. लेकरू दोन वर्साचं झालं तरी पितंय म्हणल्यावर माय काय करती? कडू लावती. एक डाव तोंड कडू झालं की लेकरू भाकरीकडं वळतंय. तुझा राघू तुझ्या बोटावर पिऊन राहिलाय. तुझं बोट गोड हाये तंवर तो दाणा कशापायी धरील?"

बनाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. त्या भागातली सगळी लेकरं अशीच तुटलेली, ती स्वतःसुद्धा.

आधी तिनं कडुलिंबाचा पाला वाटून करंगळीला लावला. राघूनं तो पेजेसकट चाटून साफ केला आणि आणखी मागितला. दगडोबा जेवता जेवता हसला. "अगं, लिंबोळ्यांवर जगणारी जात ती. तिला लिंब दाखवती व्हय?"

मग सिंधूनं बाळंतिणीच्या डब्यातला काळाबोळ काढला. कडूजहर काळा खडा असतो तो. सहाणेवर उगाळून त्याचा लेप तिनं स्वतःच बनाच्या करंगळीला लावला, नखापासून मुळापर्यंत. बनानं पेजेत बोट बुडवलं आणि पिंजऱ्यात घातलं. राघू धावत आला. चोचीत बोट धरलं, एकदा चाटलं आणि सोडलं. त्यानं मान झटकली, चोच दांडीवर घासली, पुन्हा घासली. मग त्यानं बनाकडं एका डोळ्यानं पाहिलं. थोड्या वेळानं तो परत आला, बोट चाटलं, आणि या वेळी मात्र किंचाळून मागं सरला.

बनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, पुसू का?"

"पुसलंस तर सगळं वाया. आता तीन दिवस तू त्याच्यासमोर यायचं न्हाई. लेकरू तोडताना माय दिसली की लेकरू हट्ट करतंय. तुला तोडलं तेव्हा तू कुणापाशी व्हतीस?"

"तुझ्यापाशी."

"मग? दे माझ्याकडं तीन दिवस. तुझाच हाये तो."

तीन दिवस बना मायबरोबर पळसाची पानं तोडायला रानात गेली. पत्रावळी लावताना तिच्या हाताला वळण राहिना. पहिल्या दिवशी तिला वाटलं राघू उपाशी मेला असेल. दुसऱ्या दिवशी तिनं मायला विचारलं, "माय, मला तोडलं तेव्हा मी लई रडले का?"

"लई रडलीस. आन् चौथ्या दिवशी वळखच न्हाई दिली मला," पार्वतीबाई म्हणाली. "आत्याच्या कडेवरून उतरंना गेलीस." एवढं बोलून ती एकदम पानं मोजायला लागली.

चौथ्या दिवशी बना पळतच घरी आली. राघू सिंधूच्या मनगटावर बसला होता. तिच्या तळहातावरचे भिजवलेले हरभरे एकेक उचलून, पायात धरून, टरफल सोलून खात होता. असा ऐटीत खात होता, जणू जन्मल्यापासून तेच करतोय.

बनाला इतका आनंद झाला की तिला आधी काही कळलंच नाही. तिनं हात पुढं केला. राघू सिंधूच्या दंडावर चढला, खांद्यावर गेला आणि तिच्या पदराआड दडला.

"कडू इसरला न्हाई अजून," आत्या म्हणाली. "इसरंल."

बनानं करंगळी राखेनं घासली, चिंचेनं घासली, ताकात बुडवली. कडूपणा कधीच गेला होता, राघूला ते ठाऊक नव्हतं. ती डाळ घेऊन गेली की तो पिंजऱ्याच्या मागच्या कामट्यांना चिकटायचा. डाळ ठेवून ती खांबाआड गेली की येऊन खायचा. बना मनाशी म्हणायची, खातोय ना, जगलाय ना. जगलं तर तुझं.

अक्षय तृतीया झाली आणि तिसऱ्या दिवशी दारात बाळापूरची गाडी उभी राहिली. तातेराव आला होता, बरोबर रामसिंगही. घरात पुरण शिजायला लागलं. सिंधूनं नवं लुगडं नेसलं. आत्या सासरी जाणार म्हणून बनाही खूश झाली, थोडी रडवेली झाली. तेवढ्यात तिनं पाहिलं, की दगडोबा पिंजऱ्याला वरून ओलं फडकं बांधतोय.

"बा, हे काहून?"

दगडोबा गाठ मारत राहिला. उत्तर दिलं रामसिंगनं, आणि तेही भोळेपणानं. "बुढीनं सांगितलं ना, बेटी. राघू घेऊन येशील तर ये. पण आपला आपण खाणारा पाहिजे, बोट चाटणारं पिल्लू मला जमत न्हाई, असं म्हणाली. मी पाडव्यालाच निरोप दिला होता सिंधूताईला."

बनानं मायकडं पाहिलं, मायनं चुलीकडं. बनाच्या ध्यानात आलं, की पळसाच्या रानातसुद्धा मायला ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, जिचा राघू तिला सोडून.

"बा, तुमी म्हणला व्हता जगलं तर तुझं."

"म्हणलो व्हतो," दगडोबा म्हणाला. "एका पाखरापायी बहिणीचं घर मोडू देऊ काय? तुला दुसरा आणून देतो."

बना आत्याकडं गेली. सिंधू आरशासमोर कुंकू लावत होती.

"आत्या, बोळ लावला तेव्हा ठाऊक व्हतं तुला?"

"व्हय."

"तीन दिवस दे म्हणलीस तेव्हा?"

"व्हय, माय. मागितला असता तर दिला असतास का तू?"

"तू मागितलाच न्हाईस," बना म्हणाली.

सिंधूनं तिला जवळ घ्यायला हात केला. तो बनानं बाजूला केला आणि ती बाहेर आली. पिंजरा गाडीत चढला होता. तिनं फडकं वर करून धुतलेली करंगळी कामट्यांतून आत घातली. राघूनं ती पाहिली. तो दांडीवर हळूहळू मागं सरकला, टोकाला गेला आणि पाठ फिरवून बसला. सिंधू येऊन गाडीत बसली, तसा वळला आणि तिच्याकडं बघून बोलू लागला.

गाडी निघाली. तातेराव कासरा धरून म्हणाला, "पोरी, ये बाळापूरला राघूला भेटायला." बना कधी गेली नाही.

रामसिंग पुढं दहाएक वर्षं गाठोडं फिरवत राहिला. दरवेळी बनासाठी रिबिनीचा तुकडा आणायचा, तो ती घ्यायची नाही. आपण काय केलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. दगडोबानं दुसरा राघू आणला नाही, बनानं आठवण दिली नाही. दगडोबा बेचाळीस साली गेला. पार्वतीबाई पुष्कळ जगली, आणि शेवटच्या दुखण्यात तिनं विषय काढला होता, पण बनानं उशी नीट केली आणि काढ्याची वाटी पुढं धरली.

रुख्मिणीबाईनं राघूला सात वर्षं मांडीवर वागवलं आणि त्याचं बोलणं ऐकतच डोळे मिटले. तातेराव आईमागं बायकोचं ऐकू लागला, एवढाच त्याच्यात फरक पडला. अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धास्तीनं बाळापूरची माणसं पैनगंगेपलीकडं उमरखेडला निघाली, तेव्हा सिंधूनं पिंजऱ्याची काडी काढली. या वेळी विसरून नव्हे. राघू दारात बसला, चिंचेवर गेला, आणि गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत तिथून सिंधूला हाका मारत होता असं म्हणतात.

सिंधूला लेकरू झालं नाही. पण त्या घरातून तिला पुन्हा कुणी काढलं नाही.

बना औंढ्याला दिली गेली. तिला चार लेकरं झाली. तिच्या घरात बाळंतिणीचा डबा होता, त्यात सगळं होतं, काळाबोळ नव्हता. थोरली मुलगी तीन वर्षांची होऊन अंगावर पीत होती, आळीतल्या बाया हसायच्या. उमरखेडहून परतल्यावर सिंधूआत्या एकदा औंढ्याला आली. पिणाऱ्या पोरीकडं बघत बसली, मग म्हणाली, "बने, तोडायची असंल तर दे माझ्याकडं. तीनच दिवस."

बनानं आत्याला वाढलं, आग्रह करून वाढलं. पोरीला मात्र पदराखाली ओढून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई आत्या. सोडंल तिची तीच."